स्वयंरोजगारात उद्दिष्टांची आखणी

शिक्षणाचा प्रसार जसजसा होत गेला तसतशी नोकरीच्या शोधात असलेल्यांची संख्याही वाढत गेली. प्रत्येक सुशिक्षिताला कार्यालयात किंवा कारखान्यात सामावून घेणे कोणत्याही समाजाला शक्य नसते. म्हणूनच स्वतःचे कौशल्य व स्वतःचे श्रम यांच्या आधारावर उभ्या राहणाऱ्या स्वयंरोजगाराला अनन्यसाधारण महत्त्व आहे. शिवणकाम, मोटार दुरुस्ती, सुतारकाम, खाद्यपदार्थांची निर्मिती, वीजजोडणी, छायाचित्रण, हिशेब लेखन अशा कितीतरी व्यवसायांत आज असंख्य स्त्री-पुरुष कोणाचीही चाकरी न करता आपला व आपल्या कुटुंबाचा चरितार्थ चालवीत आहेत.

नोकरी आणि स्वयंरोजगार यांत केवळ पगार व नफा एवढाच फरक नाही. नोकरदाराच्या कामाला एक चौकट असते. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, हजेरीपट, वरिष्ठांची देखरेख आणि महिनाअखेर ठरलेले वेतन या चौकटीत त्याचे काम चालते. आज काय करावयाचे हे बहुधा दुसऱ्याने ठरविलेले असते. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यास यांपैकी काहीच उपलब्ध नसते. दुकान दहा वाजता उघडले तरी विचारणारा कोणी नाही, आणि रात्री बारापर्यंत काम केले तरी थांब म्हणणारा कोणी नाही. ही मोकळीक सुखावह असली तरी तीच अनेकदा घातक ठरते. कारण भांडवल बहुधा कर्जाऊ असते, काही वेळा घरातील दागिने गहाण ठेवून उभारलेले असते, आणि बँकेचा हप्ता कोणासाठी थांबत नाही. वरिष्ठाची ही रिकामी जागा भरून काढण्याचे साधन म्हणजे विचारपूर्वक ठरविलेले उद्दिष्ट होय.

इच्छा आणि उद्दिष्ट

“व्यवसाय वाढवावयाचा आहे”, “चांगले उत्पन्न मिळवावयाचे आहे”, “नाव कमवावयाचे आहे” ही वाक्ये होतकरू व्यावसायिकांच्या तोंडून नेहमी ऐकावयास मिळतात. या इच्छा योग्यच आहेत; परंतु त्यांना उद्दिष्ट म्हणता येणार नाही. इच्छेला प्रमाण नसते व मुदतही नसते. त्यामुळे ती पूर्ण झाली की नाही हे वर्षअखेरीसही सांगता येत नाही. उद्दिष्ट म्हणजे काय, किती आणि केव्हापर्यंत या तीन प्रश्नांची नेमकी उत्तरे.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. एडविन लॉक व गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील लाकूड वाहणाऱ्या मालमोटारींची पाहणी करण्यात आली होती. वाहनचालकांना “शक्य तितके उत्तम काम करा” एवढेच सांगितले जात असे, तेव्हा मालमोटारी कायद्याने मान्य असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरल्या जात. पुढे त्यांना ९४ टक्क्यांचे निश्चित उद्दिष्ट देण्यात आले. त्यासाठी कोणतेही जादा वेतन नव्हते. तरीही काही महिन्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचले. माणसे तीच व वाहनेही तीच होती. बदलला होता तो केवळ आकडा. “शक्य तितके” या शब्दांत पळवाट असते आणि निश्चित आकड्यात ती नसते, हा या अभ्यासाचा बोध आहे.

कडी आणि खुंटी

उद्दिष्ट निश्चित असावे हे मान्य केल्यावर ते किती मोठे असावे, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर एका साध्या खेळातून मिळते. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कर्तृत्वाची प्रेरणा आणि आर्थिक विकास यांच्या संबंधाची मीमांसा केली. या प्रेरणेच्या अभ्यासात जमिनीत रोवलेल्या खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळाचा उपयोग करण्यात आला. किती अंतरावरून कडी फेकावयाची हे खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे असते. काही जण खुंटीच्या अगदी जवळ उभे राहतात. त्यांची कडी हमखास पडते, पण त्यात मिळविल्याचे समाधान नसते. काही जण फार दूर जातात. कडी पडली तर नशीब, न पडली तर कोणी दोष देणार नाही. कर्तृत्वाची प्रेरणा प्रबळ असलेली माणसे मात्र मधले अंतर निवडतात, म्हणजे जेथून यश मिळणे शक्य असते, पण कौशल्य व प्रयत्न यांच्यावाचून ते मिळत नाही. नेम चुकला तर ती दोन बोटे पुढे-मागे सरकतात व पुन्हा प्रयत्न करतात.

ही प्रेरणा शिकविता येते किंवा कसे, याची कसोटी भारतातच घेतली गेली. १९६० नंतरच्या दशकात आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील लहान व्यापारी व उद्योजकांना हैदराबाद येथील लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत अल्प मुदतीचे प्रशिक्षण देण्यात आले. त्यानंतरच्या काळात प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेने या मंडळींनी अधिक नवे व्यवसाय सुरू केले, अधिक भांडवल गुंतविले व अधिक लोकांना काम दिले, असे १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नमूद आहे. पुढे देशात उद्योजकता विकासाचे जे कार्यक्रम आखले गेले, त्यांत या विचाराला महत्त्वाचे स्थान मिळाले. महाराष्ट्रात १९८८ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना झाली. उद्योजकतेच्या प्रशिक्षणवर्गांत कडी-खुंटीचा खेळ खेळविण्याची पद्धत रूढ आहे ती याच कारणाने.

मधले अंतर निवडणे म्हणजे महत्त्वाकांक्षा सोडणे नव्हे. श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापडाचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईतील गिरगाव येथे सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. व्यवसाय तोट्यात गेला तरी कोणाकडे देणगी मागावयाची नाही, असा निर्धार त्यांनी प्रारंभीच केला होता. पहिल्या दिवशी हजारो पाकिटांचे स्वप्न पाहण्यापेक्षा आज लाटलेले पापड आज विकले जावेत, हे अंतर त्यांच्या आवाक्यातील होते. संस्थेचा पुढील विस्तार याच पायावर झाला.

घरखर्चापासून कामाच्या आकड्यापर्यंत

मधले अंतर कोणते, हे अंदाजाने ठरवून भागत नाही. त्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा लागतो. समजा, तालुक्याच्या गावी एखादी भगिनी शिवणकामाचा व्यवसाय करते. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. तिने असे ५० हजारांचे कर्ज तीन वर्षांच्या मुदतीने घेतले आहे आणि व्याजाचा दर १२ टक्के आहे असे धरले, तर मासिक हप्ता सुमारे १,६६० रुपये येतो. व्यवसायातून घरखर्चासाठी दरमहा ९,००० रुपये मिळावेत, ही तिची गरज आहे. जागेचे भाडे १,५०० रुपये, वीज ५०० रुपये, यंत्राच्या दुरुस्तीसाठी राखून ठेवावयाचे ३४० रुपये आणि मंदीच्या महिन्यांसाठी शिल्लक टाकावयाचे १,४०० रुपये धरले, तर एकूण रक्कम १४,४०० रुपये होते.

आता एक अस्तराचा ब्लाऊज शिवण्याची शिलाई ३०० रुपये असून अस्तर, धागा, हुक इत्यादींचा खर्च ६० रुपये आहे असे मानू. म्हणजे प्रत्येक ब्लाऊजमागे २४० रुपये उरतात. १४,४०० रुपये उरावयाचे तर महिन्याला ६० ब्लाऊज शिवून झाले पाहिजेत. महिन्यात कामाचे २५ दिवस धरले, तर दर पाच दिवसांना १२ ब्लाऊज हा तिच्या व्यवसायाचा आकडा ठरतो. एका ब्लाऊजला बेतण्यापासून काजे-बटणांपर्यंत अडीच तास लागत असतील, तर रोज सहा तासांचे काम होते. मापे घेणे, सामान आणणे आणि गिऱ्हाइकांशी बोलणे यांसाठी आणखी दोन तास धरले, तरी ते एका व्यक्तीच्या आवाक्यात आहे.

हा हिशेब मांडल्यावर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. महिन्याला ३० ब्लाऊज हे उद्दिष्ट ठेवले तर ते सहज साध्य होईल, पण भाडे, वीज व हप्ता भागविल्यावर घरखर्चाला पुरेसे काही उरणार नाही. १५० ब्लाऊज हे उद्दिष्ट ठेवले तर रोज पंधरा तास यंत्रावर बसावे लागेल. काही दिवसांत डोळे व पाठ साथ देईनाशी होतील आणि घाईच्या शिवणीमुळे गिऱ्हाईकही दुरावेल. ६० हे मधले अंतर आहे. ते जमू लागले की पुढच्या तिमाहीत ६५ किंवा ७० वर जाता येते.

याच हिशेबात एक धोक्याची सूचनाही दडलेली आहे. ६० ब्लाऊजची शिलाई म्हणजे महिन्याला १८,००० रुपये गल्ल्यात येतात. ही सर्व रक्कम आपलीच मिळकत आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात तिच्यातील निम्मी, म्हणजे ९,००० रुपयेच, घराची आहे. उरलेली निम्मी रक्कम अस्तराच्या दुकानदाराची, जागामालकाची, वीज कंपनीची, बँकेची आणि येणाऱ्या पावसाळ्याची आहे. गल्ल्यात हात घालून घरखर्च भागविण्याची सवय लागली की व्यवसाय वरवर चालू दिसतो, पण आतून भांडवल संपत जाते. पुष्कळसे लहान व्यवसाय गिऱ्हाईक नसल्याने नव्हे, तर अशा नकळत झालेल्या खर्चाने बंद पडतात. म्हणून स्वतःचे मासिक वेतन ठरविणे, ते ठरलेल्या तारखेसच घेणे आणि व्यवसायाचे बँक खाते वेगळे ठेवणे हे स्वयंरोजगारातील पहिले वैयक्तिक उद्दिष्ट मानले पाहिजे.

हातातील आणि हाताबाहेरील

महिन्याला ६० ब्लाऊज शिवणे हे उद्दिष्ट योग्य असले तरी ते पूर्णतः शिवणाऱ्या भगिनीच्या स्वाधीन नाही. गिऱ्हाईक आलेच नाही तर ती काय शिवणार? म्हणून फळाच्या उद्दिष्टाला कृतीच्या उद्दिष्टाची जोड द्यावी लागते. एक गिऱ्हाईक सरासरी दोन ब्लाऊज देत असेल, तर महिन्याला ३० गिऱ्हाइके लागतील. नेहमीची २२ असतील, तर आठ नवी मिळवावी लागतील. ती मिळावीत म्हणून दर आठवड्यास गावातील साड्यांच्या दोन दुकानांना भेट देणे, सांगितलेल्या दिवशीच कपडा तयार ठेवणे, आणि साडीला फॉल-पिको करण्यासाठी येणाऱ्या प्रत्येक स्त्रीस ब्लाऊजविषयी विचारणे या गोष्टी मात्र सर्वस्वी तिच्या हातातील आहेत. फळ लांबले तरी कृती चुकली नाही एवढी खात्री असली, म्हणजे मनुष्य खचत नाही.

अशा कृतींना वेळ आणि स्थळ नेमून दिल्यास त्या प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता वाढते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये या विषयावरील आपल्या संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. “अमुक वेळ आली की अमुक काम करावयाचे” असे आधी ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून ठरविलेली कामे अधिक प्रमाणात पार पडतात, असे त्यात दिसून आले. “सवड मिळेल तेव्हा वसुलीस जाईन” असे म्हणण्यापेक्षा “बाजाराच्या दिवशी दुपारी चार वाजता दोन थकबाकीदारांकडे जाईन” असे ठरविणे म्हणूनच श्रेयस्कर. उधारीची मर्यादाही अशीच आधी ठरवावी. ओळखीच्या माणसास नाही म्हणणे कठीण असते. परंतु “एकावेळी इतक्याच रुपयांची उधारी” हा नियम लिहिलेला असला की नकार व्यक्तीला नसून नियमानुसार आहे, हे समोरच्यासही पटते.

ऋतुमानाचा विचार

वर्षाचे बारा महिने सारखे नसतात, हे विसरून आखलेले उद्दिष्ट कागदावरच राहते. शिवणकामात दिवाळीपूर्वी व लग्नसराईत मान वर करण्यास सवड नसते. भर पावसाळ्यात व पितृपक्षात यंत्र थंड असते. विहिरीवरील विद्युत मोटारींची दुरुस्ती करणाऱ्याचे काम रब्बी व उन्हाळी हंगामात वाढते. रसवंती चालविणाऱ्यास उन्हाळाच आधार असतो. त्यामुळे वर्षाची बेरीज करून प्रत्येक हंगामाचा आकडा वेगळा ठरविणे इष्ट होय. तेजीच्या महिन्यांत काम व बचत यांचे उद्दिष्ट मोठे असावे. मंदीचे महिने यंत्राची दुरुस्ती, नवे कौशल्य आत्मसात करणे, जुनी येणी वसूल करणे आणि थोडी विश्रांती यांसाठी राखावेत. विश्रांती हेही उद्दिष्टच आहे. स्वयंरोजगारात व्यक्ती हेच मुख्य यंत्र असते, आणि ते बंद पडले तर त्या दिवसाचे उत्पन्न शून्य होते.

अनुदान हे उद्दिष्ट नव्हे

स्वयंरोजगारास चालना देण्यासाठी शासनाने अनेक योजना आखल्या आहेत. २००८ मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २०१९ मध्ये राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी शिंपीकामासह १८ पारंपरिक व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू करण्यात आली. या योजनांचा लाभ पात्र व्यक्तींनी अवश्य घ्यावा. मात्र कर्ज मंजूर होणे किंवा अनुदान मिळणे हेच ज्याचे उद्दिष्ट असते, त्याचे काम मंजुरीच्या दिवशीच संपते. व्यवसायाचे काम तर त्या दिवशी सुरू होते.

योजनांची रचनाही हेच सुचविते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे मुदत ठेवीच्या स्वरूपात बँकेत राहते आणि उद्योग चालू असल्याची पडताळणी झाल्यावर ती कर्जखाती वळती केली जाते. विश्वकर्मा योजनेत पहिल्या टप्प्यातील एक लाख रुपयांपर्यंतच्या कर्जाची मुदत १८ महिने आहे. पहिल्या कर्जाची नियमित फेड करणारा दोन लाखांपर्यंतच्या दुसऱ्या कर्जास पात्र ठरू शकतो. १८ महिने किंवा तीन वर्षे या मुदतीच उद्दिष्टांच्या आखणीची चौकट म्हणून उपयोगी पडतात. मुदत संपेल तेव्हा कर्ज किती शिल्लक असावे, यंत्र कोणते असावे व नियमित गिऱ्हाइके किती असावीत, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे आणि तेथून मागे येत वर्षाचा, महिन्याचा व आठवड्याचा आकडा ठरवावा.

नोंद आणि आढावा

कडी फेकणाऱ्यास ती खुंटीत पडली की बाहेर गेली हे तत्काळ दिसते, म्हणूनच तो पुढच्या वेळी नेम सुधारू शकतो. व्यवसायात हे दिसावे यासाठी नोंदवही हवी. साध्या शंभर पानी वहीत रोजची तीन ओळींची नोंद पुरेशी असते: आज किती काम झाले, किती रुपये आले व गेले, आणि ठरविलेल्यापैकी काय राहिले. आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, त्यांची बेरीज करावी. महिन्यातून एकदा घरातील जाणत्या माणसासमोर किंवा त्याच व्यवसायातील एखाद्या स्नेह्यासमोर ती वही उघडावी. दुसऱ्यास दाखवावयाची असल्याने वहीत टाळाटाळ राहत नाही. बचत गटाची मासिक बैठक या कामासाठी उत्तम व्यासपीठ ठरू शकते.

आढाव्यात उद्दिष्ट हुकल्याचे दिसले तर स्वतःस दोष देत बसण्याऐवजी कारण शोधावे. आकडा चुकला, कृती चुकली, की परिस्थिती बदलली? आकडा चुकला असेल तर तो बदलावा. कृती झाली नसेल तर आकडा न बदलता वेळापत्रक बदलावे. परिस्थिती बदलली असेल तर मार्ग बदलावा. उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले. पुढे ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्या निर्मितीकडे वळले. लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीमुळे त्यांच्या नांगरांना प्रारंभी दीर्घकाळ गिऱ्हाईक मिळाले नाही. बेळगावातील जागाही सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. माल बदलला, गाव बदलले. परंतु शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल असे यंत्र येथेच तयार करावयाचे, हे उद्दिष्ट ढळले नाही.

एकाच वेळी दहा उद्दिष्टे ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. उत्पन्नाचे एक, कौशल्याचे एक आणि प्रकृतीचे किंवा कुटुंबाच्या वेळेचे एक, अशी तीन उद्दिष्टे एका तिमाहीस पुरेशी आहेत. ती कामाच्या जागी, नजर जाईल अशा ठिकाणी लिहून लावावीत.

स्वयंरोजगार करणाऱ्यास कोणी नेमणूकपत्र देत नाही आणि बढतीचा हुकूमही काढत नाही. आपले काम, आपले वेतन आणि आपली प्रगती त्यालाच ठरवावी लागते. हे ठरविण्याचे काम ज्याने नियमाने केले, त्याच्या दृष्टीने महिनाअखेर ही चिंतेची तारीख न राहता हिशेबाची तारीख होते. हप्ता वेळेवर जातो, दागिने गहाणातून सुटतात आणि पुढील पावलासाठी बँकेचे दार उघडे राहते. कौशल्य हातात असते, भांडवल मिळविता येते. पण कडी कोठून फेकावयाची हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.